उजव्या अंगाचा स्पीकर

— नाही नाही, तो कायले खोलता हरीओमभाऊ, त्याच्यात काही नाही सापडनार तुमाले. मी खोलला ना. कागद पाह्यला, कॉइल पाह्यली, मीटर लावून पाह्यला — बराबर आठ ओहम. डावा आठ, उजवा आठ. दोघं जुळे भाऊ, तुमच्याच दुकानातून नेलेले. पन डावा बोलते आन उजवा बोलत नाही. बोलत नाही म्हंजे — अगदीच मुका नाही तो. खालचा सूर, जाडा सूर, तो येते. वरचा गायब. तोंडावर वाकय, जाडी गोधडी घेऊन कोनी बोलून राह्यलं असं. समजलं का? नाही समजलं. कोनालेच समजत नाही. म्हून तर ही पेटी गाडीच्या मांगच्या सीटवर बांधून, पाठीवर गिटार अडकवून, साऱ्या मालेगावच्या बजारातून आलो. स्टँडवरचे लोकं हासून राह्यले, म्हने धनराजचा डीजे आटला. हासू द्या म्हटलं. आज तुमच्या दुकानातून मी उठत नाही. या पेटीत स्पीकर एक लावाचा का दोन, आठ इंची का दहा का बारा, पेटी मांगून उघडी ठेवाची का बंद — हे आज ठरलं पाह्यजे. रामनवमी कुठं लांब आहे आता.

तुमी मनात म्हनत असान का या मानसानं उभी जवानी डीजेवर काढली, पिकअपवर टॉपच्या स्पीकरची चळत रचून गावंचे गावं नाचवले, आन आता हा पेटीतल्या या पाच वॅटच्या अँपच्या डब्ब्यासाठी कायले जीव काढून राह्यला. काहून ते सांगतो. हा डब्बा साधा नाही, काचेच्या वॉल्वचा आहे. रेकॉर्ड वाजवाच्या जुन्या मशीनमधून काढला — दोन वॉल्व, एक ट्रान्सफॉर्मर, बास. तापाले वेळ घेते, पन एकडाव तापला का गिटारची तार त्याच्यातून अशी निंघते ना भाऊ — मानूस बोलल्यावानी. आन आवाज लहान. लहानच पाह्यजे मले. कारन रंजीताचा आवाज लहान आहे. रंजीता, माही बायको हो, तुमी पाह्यली आहे तिले, हे स्पीकर नेले तवा गाडीवर मांगं तीच बसली होती, मांडीवर खोकं घेऊन. तिचा गळा तुमी आयकला नाही. तिच्या मायच्या तांड्यावर, मानोऱ्याकडे, होळीले बाया लेंगी, होळीचे गाने, म्हनत तवा पुढं हीच पोट्टी. मी तवा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो, एका दोस्तासंग तिकडे गेलतो, तो आवाज आयकला आन — जाऊ द्या, ते कायले सांगून राह्यलो तुमाले. बारीक आवाज, पन असा सुदा, कुठं हालत नाही, डोलत नाही. मंग लगन झालं, गिटार आटाळ्यावर गेली, डीजे आला, आन डीजेत बाईच्या गळ्याचं काय काम? घरातल्या घरात म्हने ती, सैपाक करता करता. यंदा आमच्या तांड्यातल्या बायांनी ठरवलं का रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीले बसून भजनं म्हनाचे, रंजीता पुढं. मी म्हटलं, मांगं गिटार मी वाजवतो. डीजे देऊन टाकला मी — हौ, त्याच्यासाठीच देला, लोकं काहीबी सांगतात. मोठ्या अँप्लिफायरच्या आवाजात तिचा गळा दबून जाते. तिच्या आवाजाच्या खाली राह्यन असा अँप पाह्यजे, म्हून हा. आता तुमीच सांगा, बायकोसाठी कोनता नवरा इतकं करते? आन ती तिकडे मायच्या घरी जाऊन बसली.

ते राहू द्या. स्पीकरचं आयका. पह्यले लावला बाराचा एक. मोठा कागद, मांगून उघडी पेटी. आवाज भरून येते, नाही म्हनत नाही मी. पन वाकडा येते. वाकडा म्हंजे काय — मी पेटीच्या बराबर समोर बसलो, टोंगळे पेटीले लावून, आन आवाज येते डाव्या अंगानं. पेटी नाकासमोर, आवाज डावीकडून. पेटी सरकवली जराशी उजवीकडे, तरी डावीकडूनच. म्हटलं याची कॉइल तिरपी बसली असन. तुमी बदलून देला, आठवते ना? तो बी वाकडा. मंग मी मांगचं पाट लावलं, पेटी बंद केली, तर आवाज घुसमटला, पन वाकडा तो वाकडाच. तवा मी म्हटलं, एका स्पीकरनं हे होनार नाही. एक स्पीकर म्हंजे बॅटरीचा झोत, पडला तिथंच पडला. बाया आर्ध्या डाव्या हाताले बसतीन, आर्ध्या उजव्या, साऱ्याईले सारखं आयकू गेलं पाह्यजे, नाही तर सूर कोन्या आधारानं धरतीन? दोन पाह्यजे. बाराचे दोन लावले तर हा डब्बा त्याईले हालवू शकत नाही, दहाचे दोन लावले तर पेटी उचलाले दोन मानसं. म्हून आठचे दोन. बराबर आहे का नाही? डोकं हालवा ना भाऊ, कारागीर तुमी आहा.

दोन लावले. पह्यले सिरीजमध्ये जोडले — सोळा ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या सोळाच्या टोकाले. डावा मस्त. उजवा बसलेला. म्हटलं एकामांगं एक जोडले तर पह्यला पोटभर खाते आन दुसरा उपाशी राह्यत असन. पॅरलल केले, चार ओहम, चारच्या टोकाले. तेच. वायर बदलल्या, सोल्डर नवं मारलं — तेच. मंग डावा स्पीकर काढून उजवीकडे लावला आन उजवा डावीकडे, हे तर कोनी बी करन ना? आन काय झालं सांगू? जो बसलेला होता तो डावीकडे येऊन बोलाले लागला, आन जो गोड बोलत होता तो उजवीकडे जाऊन बसला. म्हंजे स्पीकर साफ. दोघं बी साफ. मंग दोष राह्यला कशात? भोकात. भागवत सुतारानं पाडलेल्या उजव्या भोकात. मी सिद्धा त्याच्या घरी गेलो, म्हटलं भागवत, तू उजवं भोक तिरपं पाडलं. तो टेप लावून दाखवते, दोन्ही सारखे. म्हटलं टेपनं नाही दिसत, कानानं दिसते. तो म्हने इतके वर्सं दारं-खिडक्या केल्या, माह्या भोकाले कोनी नाव नाही ठेवलं. लय झालं आमचं. शेवटी त्यानं दुसरी पेटी बनवून देली, हीच, पाहा किती साफ काम आहे, आन म्हने आता माह्या घराची पायरी चढू नको. या पेटीत बी उजवा बसलेला. तवा मले समजलं, दोष घराच्या भिंतीचाच. उजव्या भितीले गव्हाचे कट्टे लावून होते, म्हटलं कट्टे आवाज पेऊन राह्यले. सारे कट्टे एकट्यानं हालवले, डाव्या भितीले लावले. कंबर धरली. उजवा तसाच. आज म्हून इथं आनली पेटी, म्हटलं दुकानाच्या भिती येगळ्या, इथं तरी कळन. काय कळलं? इथं बी उजवा बसलेला. आता कोनाशी भांडू मी? तुमच्या भितीशी?

निताले समोर बसवलं होतं एक दिवस — पोरगी माही, बारावीले आहे. म्हटलं आयक अन् सांग. म्हने बाबा, दोन्ही सारखे वाजतात. म्हटलं नीट आयक. म्हने उजवा उलट जरासा जास्त टोचते. टोचते म्हने. तिले कान नाहीत. आमच्या घरात एक मी सोडून कोनालेच कान नाहीत. आन तुमी बी तेच म्हनले आता — तोंडानं नाही, पन खांदे उडवले ना, मी पाह्यलं.

काय? — काही म्हनलं का? ओठ हालल्यावानी वाटले. जरा मोठ्यानं बोलत जा हरीओमभाऊ, रंजीतावानी तोंडातल्या तोंडात नका बोलू. तिची हीच तऱ्हा झाली होती, दिवाळीपासून. मी जेवाले बसलो का ती गॅसपाशी, माह्या उजव्या हाताले, कायमची जागा तिची. पोळी टाकते ताटात, आन बोलनं नाही. मंग एकाएकी चिमटा आपटते. काय झालं म्हटलं तर डोळ्यात पानी. आन हीच बाई — हे आयका बरं — हीच बाई फटफटीवर मांगं बसली का टकळी सुरू. मालेगाव येऊस्तोवर तोंड बंद नाही. या खांद्यापाशी तोंड आनते, हा, हा डावा, बाया एका अंगानं बसतात ना, आन कोनाच्या सुनेनं काय केलं, कोनाच्या वावरात रोही शिरले, मधातच भजनाची ओळ म्हनून पाह्यते, म्हने इथं सूर बराबर लागला का. मी बी सांगतो, मी बी हासतो. घर आलं, गाडीवरून उतरली, का पुन्हा मुकी. म्हंजे चार लोकं पाह्यत असले तर नवरा गोड, आन घरात नवरा कोनी नाही? मले समजत नव्हतं हे नाटक. समजत नव्हतं म्हून राग येत होता. मंग मी बी बोलनं सोडलं. जेवलो का पेटीत डोकं घालून बसत होतो, तिथं निदान डावा तरी बोलते.

आन तिचं म्हननं उलटंच. एक दिवस माह्या समोर येऊन उभी राह्यली, म्हने, "तुमी मले मानसात धरत नाही. भितीशी बोलून बोलून थकली मी." मी म्हटलं तू बोलतेच कवा? तर माह्या तोंडाकडे पाह्यतच राह्यली, आन निंघून गेली माह्या चुलत्याच्या घरी, दिवसभर आली नाही. आता तुमीच सांगा कोन खोटं. होळीच्या आंधी तर हद्द केली तिनं. मी ओसरीवर बसून पेटीची फळी घासून राह्यलो होतो. घराचं दार माह्या उजवीकडे. ती दारातून आली, पिशवी घेऊन, आन माह्या पाठीमांगून चालली गेली रस्त्याले. न सांगता, न विचारता. सावली हालली म्हून मी पाह्यलं, तवर ती वळनावर. मी म्हटलं जा. जा म्हटलं तुह्या मायपाशी. आन निता तिचीच बाजू घेते. म्हने, "बाबा, आई दारात उभी राहून विचारत होती, मी जाऊ का, मी जाऊ का मंग. सारखं विचारत होती. तुमी मुंडी बी वर नाही केली." असं म्हनते पोट्टी माह्या तोंडावर. मायनं शिकवलेलं. मी तथीच होतो ना. कोनी काही विचारलं नाही मले. विचारलं असतं तर मी जा म्हनलो असतो का? सांगा. कामधंदा सोडून ज्या बाईच्या गळ्यासाठी मी हा डब्बा घेऊन बसलो, तिले मी जा म्हनीन? घरी गमत नाही मले, हरीओमभाऊ. जेवताना गॅसकडे पाह्यत बसतो.

फोन? करतो ना. पन फोन बी बिघडला माहा. कानाले लावला का आवाजच नाही, मंग भोंगा चालू करून बोला लागते. तिकडे तिले कळते का इकडे निता आयकून राह्यली, शेजारी आयकून राह्यले, का ठेवून देते. आता फोनचा बी स्पीकर गेला, डब्ब्याचा बी गेला. साऱ्या दुनियेचे स्पीकर माह्याच वाट्याले आले.

असे काय पाह्यता माह्या कानाकडे? कानात माह्या काही नाही. या कानावर साऱ्या तालुक्याची खात्री होती. मिक्सरवर उभा राह्यलो का टॉपची चळत या उजव्या अंगाले, हात लावता येईन इतकी जौळ, आन इतके वर्सं याच कानानं मी आवाज लावला. मांगच्या नवरात्रात देवीच्या मिरवनुकीत त्या चळतीतला हॉर्न एकाएकी किंचाळला, पोट्टे कान धरून पळाले, मी जागचा हाललो नाही. जरासं सुईं झालं कानात, दोनचार दिवस. मंग — मंग ते या डब्ब्याचं सुईं सुरू झालं. ते तर तुमाले सांगाचं राह्यलंच. डब्बा बंद केला, पिन काढून ठेवली, तरी बारीक सुईं चालूच राह्यते. कपॅसिटरमध्ये करंट साठून राह्यत असन, वॉल्वच्या मालाचं असंच असते. रातभर राह्यते, निजू देत नाही. मी डब्बा घराबाहीर नेऊन ठेवला एकडाव, तरी येते. आता बी येऊन राह्यलं, आयका. आयका ना. नाही येत तुमाले?

डब्ब्याची पिन बोर्डात नाही म्हनता? बरं. नाही तर नाही.

उठू? कायले उठू? खुर्ची फिरवता — म्हंजे भितीकडे तोंड करून बसू म्हनता? पेटीकडे पाठ करून? हे काय पोरखेळ लावला भाऊ, त्या गिऱ्हाइकानं पाह्यलं तर काय म्हनन. बरं, बसलो. बसलो बाप्पा. आता काय? तुमच्या दुकानातल्याच अँपवर एकाएकाची वायर काढून वाजवता. वाजवा. तार बारीक घ्या, सर्वात खालची, जाडीले हात लावू नका, जाडी कशातूनबी येते. पह्यले डावा वाजवा, तो चांगला आहे, तो आता माह्या उजव्या अंगाले आला ना पाठ फिरवल्यावर. हं. वाजवा. वाजवा ना भाऊ. — वाजवून राह्यले?

थांबा. हा बसला. काय केलं तुमी? चांगला होता तो, घरून निंघताना गोड बोलत होता. वायरले धक्का लागला का? नाही? बरं, तो दुसरा लावा, उजवा, मेलेला.

हा बोलून राह्यला. हरीओमभाऊ, हा साफ बोलून राह्यला. एक-एक सूर येगळा येऊन राह्यला याचा.

खुर्ची सुदी करा. आता वाजवा तोच. — बसला. फिरवा पुन्हा. — बोलते. सुदी करा. — बास. नका छेडू आता.

नाही, राहू द्या, हात नका लावू खांद्याले. इकडे या. इकडे, डावीकडे येऊन उभे राहा आन बोला काहीबी. माहं नाव घ्या. हौ, आलं. आता तिकडे जा, आन तेच बोला, मी पाह्यत नाही तुमच्याकडे, मी रस्त्याकडे पाह्यतो. — बोलले का? बोलले तुमी?

बोलले.

मंग ती बोलत होती. गॅसपाशी बसून, पोळी टाकता टाकता, ती माह्याशी रोज बोलत होती. दिवाळीपासून. कोन जाने काय काय सांगत होती. तिचा आवाज तर बारीक, वरचाच सारा. आन मी ताटात पाहून जेवत होतो. गाडीवर मी हासून बोलतो आन घरी ढुंकून पाह्यत नाही, असं तिले वाटलं असन, जसं मले तिचं वाटलं. तिनं चिमटा आपटला तो म्हून. आन निता खोटं नव्हती बोलत. दारात उभी होती ती. जाऊ का म्हने. जाऊ का मंग. मी नाही म्हनीन म्हून थांबली असन ना ती, नाही तर सारखं कोन विचारते. मी फळी घासत राह्यलो. त्या फळीत काहीच दोष नव्हता.

हौ, दाखवतो. अकोल्याचा म्हनता तो कानाचा डॉक्टर, जाईन त्याच्यापाशी, उद्या जाईन. आज नाही. पेटीत काही बदलू नका. आठचे दोन, मांगून उघडी, बराबर आहे सारं, निता म्हनते तसं. भागवतले निरोप द्या का — नाही, मीच जाईन त्याच्या घरी, पायरीखाली उभा राह्यन. चहा नको, भाऊ. सरका जरा, गाडी काढू द्या, मानोऱ्याच्या रस्त्यानं जायाचं आहे, ऊन उतराच्या आंधी पोचलं पाह्यजे.

पेटी? पेटी राहू द्या तुमच्यापाशीच. गिटार बी ठेवा. दोरी तेवढी सोडून द्या — मांगची सीट मोकळी पाह्यजे मले.